ब्रशचा रंग आणि कणकेचा गोळा

काकूंनी परात पुढ्यात ओढली आणि म्हणाल्या, "बघ, येतं की मला."

२०१६ सालचा मार्च होता. लेस्टरमध्ये मेल्टन रोडच्या मागच्या गल्लीतलं विटांचं अरुंद घर, मागे स्वयंपाकघर, आणि टेबलावर पीआयपीचा जाडजूड फॉर्म. पीआयपी म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांचं रोजचं जगणं जड झालंय, त्यांना ब्रिटनमध्ये मिळणारा भत्ता. मी दर मंगळवारी एका सल्ला केंद्रात जाऊन लोकांना असले फॉर्म भरायला मदत करते. काकू तिथे यायला तयार नव्हत्या. चार ओळखीची माणसं भेटतील, विचारतील, म्हणून. मग मीच त्यांच्या घरी गेले.

सुरुवातीलाच स्वयंपाकाचा प्रश्न होता. ताज्या जिन्नसांपासून एका माणसापुरतं साधं जेवण करता येतं का? काकूंचं उत्तर तयार होतं. "येतं. न येऊन कसं चालेल?" मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "काकू, करून दाखवा बरं."

त्यांनी पीठ घेतलं. वाटी धरता येत नव्हती म्हणून डबाच दोन्ही तळहातांत धरून परातीत कलता केला. पाणी घातलं. मग बोटांनी नाही, मनगटाच्या आतल्या बाजूने कणीक दाबायला सुरुवात केली. आमवाताने त्यांची बोटं अर्धवट वाकून तशीच राहिली आहेत. मूठ मिटत नाही आणि हात पुरता उघडतही नाही. एकोणीस वर्षं त्यांनी इथल्या होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर काम केलं. कणकेचा गोळा झाला तोवर त्या एकदा खुर्चीत बसून आल्या होत्या. लाटणं फिरवताना दुसऱ्यांदा बसल्या. तवा दोन्ही हातांनी उचलला तो गॅसवर ठेवताना घसरला, आणि मी धावले तर मलाच म्हणाल्या, "अगं, रोजचंच आहे." चार पोळ्या झाल्या. मी घड्याळ पाहिलं. पंचावन्न मिनिटं.

हा नियम मला तोवर पाठ झाला होता, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. एखादं काम माणसाला "येतं" असं म्हणायचं, तर ते सुरक्षितपणे, धड दर्जाचं, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत यायला हवं. निरोगी माणसाला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला, तर ते येत नाही असंच धरायचं. कायद्यात हे इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे. अडचण काकूंच्या भाषेची होती. आपल्याकडे कुणी "कसं काय?" विचारलं की "बरं आहे" म्हणायचं असतं, आणि हातात जोर उरला नाही हे परक्या माणसाला सांगणं म्हणजे घरातली उणीदुणी बाहेर काढणं. फॉर्ममध्ये मी सगळं सविस्तर लिहिलं. पण तपासणीला आलेल्या बाईंनी दारातच "हाऊ आर यू?" विचारलं, आणि काकूंनी हसून "फाइन, फाइन" म्हटलं. अहवालात पहिल्या पानावर तेच आलं. दुसऱ्या पानावर होतं की काकूंनी हँडबॅग स्वतः उचलली. बॅगेचा पट्टा कोपरात अडकवलेला होता, हे मात्र कुठेच नव्हतं.

गुण मिळाले शून्य. रोजच्या जगण्यासाठीचा भत्ता मिळायला आठ गुण लागतात, वरच्या दराचा हवा असेल तर बारा.

अशा निर्णयावर थेट न्यायाधिकरणात जाता येत नाही. पीआयपी सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे एप्रिल २०१३ पासून, मध्ये एक पायरी आहे. तिला मँडेटरी रिकन्सिडरेशन म्हणतात, केंद्रात आम्ही नुसतं एमआर म्हणतो. ज्या कार्यालयाने नाही म्हटलं, त्यालाच पुन्हा एकदा बघायला सांगायचं. त्यासाठी अर्जदाराला महिन्याभराची मुदत असते. कार्यालयाने उत्तर किती दिवसांत द्यायचं, याला कायद्यात मुदतच नाही. काकूंना उत्तर यायला दहा आठवडे लागले, आणि उत्तर आधीचंच होतं. मग अपील. मग तारखेची वाट. "सरकारी काम आणि सहा महिने थांब" ही म्हण आपण घरून घेऊन आलो, पण इथे सहा महिन्यांवर आणखी पाच गेले.

या अकरा महिन्यांत काय झालं ते कुठल्याच सरकारी तक्त्यात सापडणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. काकूंनी दुपारचं हीटिंग बंद केलं. आमवाताच्या माणसाने लेस्टरच्या डिसेंबरात हीटिंग बंद केलं की सकाळी हाताचं काय होतं, हे त्यांच्या सुनेने मला सांगितलं. काकू कधी बोलल्या नाहीत. मोठ्या मुलीकडून पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला आणि हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. आणि त्यांनी गॅसपाशी जाणं सोडलं. भाजलं तर "तवा उचलता येत होता ना?" असं कुणी विचारेल, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती.

त्याच वसंतात केंद्रात एक मुलगी आली. नाशिकची, इथे एमएससीला आलेली. तिचं लग्न ठरलं होतं लेस्टरमध्येच जन्मलेल्या एका पंजाबी मुलाशी. मे महिन्यातला हॉल ठरलेला, आईवडिलांची आणि मामांची मुंबईहून तिकिटं काढलेली. रजिस्ट्रारकडे नोटीस दिल्यावर २८ दिवस थांबायचं असतं, ते तिला माहीत होतं. हातात आलेल्या पत्रात मात्र २८ ऐवजी ७० लिहिलं होतं.

हे ७० दिवस कुठून आले, तर २ मार्च २०१५ पासून, २०१४च्या इमिग्रेशन कायद्यातून. दोघांपैकी एकाकडे कायमच्या वास्तव्याचा हक्क नसेल आणि लग्न खोटं असल्याचा संशय आला, तर गृहखातं चौकशीसाठी मुदत ७० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. तिला विचारलं, त्याच्या टूथब्रशचा रंग कोणता. तो पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो.

ती माझ्यासमोर बसून रडली ती याच प्रश्नावर. "मावशी, आम्ही एकत्र राहतच नाही. लग्नाआधी कसे राहणार? आईला काय सांगू? मला त्याच्या ब्रशचा रंग माहीत असता, तर आईने मला घरात घेतलं नसतं. आणि माहीत नाही म्हणून हे लोक मला खोटी ठरवतात."

मला उत्तर सुचलं नाही. मी स्वतः २००४ साली लग्न होऊन इथे आले, आणि आमचं कांदेपोह्यांचं लग्न. व्हिसाच्या मुलाखतीत विचारलं होतं, लग्नाआधी किती वेळा भेटलात? खरं उत्तर होतं, तीनदा. तिन्ही वेळा घरात दहा माणसं. तीनदा म्हणाले तर संशय येईल का, आणि वाढवून सांगितलं तर तो खोटेपणा होईल, या दोन्हीच्या मध्ये माझी जीभ अडकली होती. शेवटी खरं तेच सांगितलं. समोरच्या बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी मान कशासाठी हलवली, हे मला आजही सांगता येत नाही.

नाशिकच्या मुलीची गोष्ट, नाव न सांगता, मी काकूंना सांगितली. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी ब्रशवर भागत नव्हतं."

काकू १९७८ मध्ये लग्न होऊन आल्या. त्यांच्या वेळेचं ते काय, हे नीट समजून घ्यायला मला नंतर वाचावं लागलं. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका उतरली. इथे तिचं लग्न व्हायचं होतं. वाग्दत्त वधूला तेव्हा आधी व्हिसा लागत नसे, पत्नीला लागे. ती खरोखर अविवाहित आहे का, याची "खात्री" करायला अधिकाऱ्यांनी तिची कौमार्य तपासणी करवली. फेब्रुवारीत "गार्डियन"ने ते छापलं, संसदेत प्रश्न उठले, आणि अशा तपासण्या थांबवायला सांगितल्याचं गृहमंत्री मर्लिन रीस यांना जाहीर करावं लागलं. ती एकटी होती असं तेव्हा भासवलं गेलं. जुन्या सरकारी फायली धुंडाळून २०११ मध्ये दोन अभ्यासकांनी दाखवलं, की भारतीय उपखंडातून येऊ पाहणाऱ्या किमान ८० स्त्रियांना हे सोसावं लागलं होतं. काकूंवर ती वेळ आली नाही. पण निघताना बार्शीच्या घरी एका बाईने त्यांना कानात सांगितलं होतं, की तिकडे असंही करतात, घाबरू नकोस. बावीस वर्षांची मुलगी हे पोटात घेऊन विमानात बसली होती.

त्यानंतरच्या काळात प्रायमरी पर्पज रूल आला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. आधी नवऱ्यांनी, १९८५ पासून बायकांनीही. जे मनात नव्हतं ते नव्हतं हे कसं दाखवणार? तर अपिलांमध्ये एक शब्द रूढ झाला, "इंटरव्हीनिंग डिव्होशन". लग्न झाल्यावर ताटातुटीच्या काळात दोघांनी एकमेकांवर किती जीव लावला, त्याचा पुरावा. पत्रं, फोनची बिलं, भेटीची तिकिटं. आपल्या आजीआजोबांनी एकमेकांना पत्रात काय लिहिलं असेल? "इकडील सर्व क्षेम." तेवढ्यावर कुठल्या न्यायाधीशाने जीव मोजला असता? जून १९९७ मध्ये नव्या मजूर सरकारने तो नियम काढून टाकला. तोवर कितीतरी घरं दोन देशांत चिरलेली राहिली.

खोटी लग्नं होतात, हेही मला तितक्याच स्पष्टपणे म्हणायचं आहे. आमच्या केंद्रात अशी बाई आलेली आहे जिला पैसे दाखवून सहीला उभं केलं आणि नंतर धमकावलं. "कागदी लग्न" हा शब्द इथल्या आपल्या लोकांत सर्रास ऐकू येतो. दलाल, दुभाषे, भाड्याने आणलेल्या साड्या आणि सूट, हे सगळं आहे. पण सरकारने त्यावर कसे उपाय केले ते बघितलं की मन खट्टू होतं. १ फेब्रुवारी २००५ पासून परदेशी माणसाला लग्नासाठी गृहखात्याचा परवाना लागू लागला. त्याची फी आधी १३५ पौंड होती, पुढे २९५. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लग्न करणाऱ्याला मात्र परवाना लागत नसे. मग दलालांनी काय केलं? ते चर्चमध्ये गेले. सेंट लिओनर्ड्स-ऑन-सी या समुद्रकाठच्या गावात एका धर्मगुरूने चार वर्षांत ३६० खोटी लग्नं लावली आणि २०१० मध्ये तुरुंगात गेला. आणि ज्या खऱ्या जोडप्यांचा धर्म वेगळा होता, हिंदू, मुसलमान, कॅथलिक, ती सगळी परवान्याच्या रांगेत. २००८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की हे लग्न करण्याच्या मूलभूत हक्काशी विसंगत आहे. तरी योजना पूर्ण बंद व्हायला मे २०११ उजाडलं.

जुलै २०१४ मध्ये संसदेच्या गृह व्यवहार समितीने, लेस्टर ईस्टचे खासदार कीथ वाझ तेव्हा अध्यक्ष होते, इमिग्रेशन विभागांच्या कामावरच्या अहवालात खोट्या लग्नांचा प्रश्न घेतला. गृहखात्याचा अंदाज त्या काळात सगळीकडे छापला जायचा: वर्षाला ४,००० ते १०,००० अर्ज खोट्या लग्नांच्या आधारे येतात. मी या आकड्यापाशी खूप वेळ अडखळले. वरची आणि खालची बाजू यांच्यात सहा हजारांचा फरक, आणि त्या प्रत्येकात दोन माणसं. इतक्या ढोबळ अंदाजावर ७० दिवसांचा नियम उभा राहिला. आणि दुसरा आकडा, थांबवलेल्यांपैकी खरे किती निघाले, तो मी त्या चर्चेत शोधत राहिले. तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कधी आला नाही.

तरीही या समित्यांवर माझा जीव आहे. एकदा मी मुद्दाम लंडनला जाऊन एका सुनावणीला बसले. वेस्टमिन्स्टर स्टेशनच्या डोक्यावर पोर्टक्युलिस हाउस आहे. सुरक्षा तपासणी झाली की कुणीही आत जाऊन बसू शकतं. काचेच्या छताखाली अंजिराच्या जातीची झाडं लावलेली. वरच्या खोलीत घोड्याच्या नालेसारखं टेबल, त्याभोवती सगळ्या पक्षांचे खासदार, आणि समोर, एकटे पडलेले, खात्याचे वरिष्ठ अधिकारी. आयुष्यभर इतरांना प्रश्न विचारणाऱ्यांना तिथे प्रश्न विचारतात. किती? केव्हापासून? का नाही? उत्तर नसलं की ते म्हणतात, "समितीला लिहून कळवतो." ते वाक्य ऐकताना मला काकू आठवल्या. त्यांना शून्य गुण मिळाले तेव्हा "नंतर लिहून कळवते" म्हणायची सोय नव्हती.

पीआयपीच्या दिरंगाईवर संसदेने सुरुवातीपासून बोट ठेवलं होतं. जून २०१४ मध्ये लोकलेखा समितीच्या अध्यक्ष मार्गारेट हॉज यांनी या योजनेच्या अंमलबजावणीला सरळ बोजवारा म्हटलं. मग २०१७च्या अखेरीस वर्क अँड पेन्शन्स समितीने लोकांना आवाहन केलं, तुमचा अनुभव लिहून पाठवा. काकूंचं अपील तोवर निकाली लागलं होतं. न्यायाधिकरणात तीन माणसं होती: न्यायाधीश, डॉक्टर, आणि अपंगत्वाची जाण असलेला एक सदस्य. डॉक्टरांनी काकूंना कागदाचा पेला उचलायला सांगितलं, आणि काकूंनी तो दोन मनगटांमध्ये धरून उचलला. सगळी सुनावणी पंचवीस मिनिटांत झाली. त्याच दिवशी अकरा गुण. शून्याचे अकरा झाले त्यात काकूंच्या हातात काहीही बदललं नव्हतं.

काकूंनी समितीला पत्र लिहायचं ठरवलं. मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. बांगड्यांचं लिहू नकोस म्हणाल्या, पेल्याचं लिही. साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी त्या समितीला लिहिलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँक फील्ड यांच्या अध्यक्षतेखाली दोन अहवाल निघाले, त्यातला एक निव्वळ लोकांच्या अनुभवांचा. जन्मापासूनच असणारा डाउन सिंड्रोम तुला "कधी झाला", असं विचारल्याची नोंद त्यात होती. तपासणीचं ध्वनिमुद्रण करा, अशी शिफारस होती. मी काकूंना त्यातले तुकडे मराठीत वाचून दाखवले. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी एकटी नव्हते."

मला सगळ्यात जास्त संताप आला तो एका वेगळ्याच आकड्याचा. २०१७ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं, की एमआरच्या पायरीवर मूळ निर्णयांपैकी ८० टक्के कायम राहावेत, असा मापदंडच पीआयपी देणाऱ्या खात्याने ठेवला होता. त्या आधीच्या वर्षात ८७.५ टक्के कायम राहिले. आणि त्यापुढे जाऊन न्यायाधिकरणात ज्यांची पीआयपीची सुनावणी होत होती, त्यांतले साधारण दोन तृतीयांश अर्जदार जिंकत होते. आरडाओरड झाल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये मापदंड काढला. काकूंचं पत्र ज्या टेबलावर दहा आठवडे पडून होतं, त्या टेबलावर हे माप लागू होतं. उघडण्याआधीच उत्तराचा अंदाज बांधलेला होता, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

समितीच्या अहवालाला सरकारने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, असा संकेत आहे. न्यायाधिकरणात अपील गेलं की खात्याने २८ दिवसांत म्हणणं मांडायचं, असा नियम ऑक्टोबर २०१४ पासून आहे. म्हणजे मुदत घालता येते. एमआरला ती घाला, आणि लग्न अडवून जे खरे निघाले त्यांचा आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवा, या दोन मागण्या मी माझ्या खासदारांना दोनदा लिहून पाठवल्या आहेत.

नाशिकच्या मुलीचं लग्न हॉलमध्ये ठरल्या दिवशीच झालं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, आईने डोळे पुसले, मामांनी ओंजळभर अक्षता टाकल्या, आणि कायद्याच्या दृष्टीने दोघं अविवाहित राहिली. नोंदणी जूनअखेरीस झाली, माणसं परत गेल्यावर. साक्षीदार म्हणून मी होते आणि मुलाचा एक मित्र. ती आदल्याच आठवड्यात सासरी राहायला गेली होती. सही करताना मला म्हणाली, "निळा आहे, मावशी."

काकूंचा भत्ता तीन वर्षांपुरता होता. २०१९ मध्ये पुन्हा तपकिरी पाकीट आलं. मी संध्याकाळी गेले तर टेबल आवरलेलं, फॉर्म उघडून ठेवलेला, शेजारी चष्मा. "बस," काकू म्हणाल्या. पिठाचा डबा त्यांनी दोन्ही तळहातांत धरला, परात कोपराने पुढे ओढली, आणि पीठ घालण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी घड्याळ लाव."